उन्हाचं बिल

सुकेळं करायला चूल लागत नाही. राजेळी केळ्यांचा घड पेंढ्याच्या उबेत पिकवायचा, साली काढायच्या, सोललेली केळी मांडवावर तट्ट्या टाकून त्यांवर ओळीने मांडायची आणि ऊन दाखवायचं. संध्याकाळी दव पडण्याआधी उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची, मधूनमधून उलटायची. आठवडाभरात पांढरट केळं तांबूस, चिवट आणि कितीतरी गोड होतं. मग केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून, केळीच्याच सोपटाने बांधून ते कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेत विकायला येतं. ब्रिटिश काळातल्या इंपीरियल गॅझेटिअरनेही आगाशीच्या सुक्या केळ्यांना जिल्ह्यात पहिला मान दिला होता.

भुईगाव हे वसईच्या याच पट्ट्यातलं गाव. पश्चिमेला अरबी समुद्र आणि सुरूची झाडं, आत खाजण, त्याच्या आत केळी-भाजीपाल्याच्या वाड्या. गास, निर्मळ, वाघोली, नाळे ही शेजारची गावंही तशीच. वसई-विरार महानगरपालिकेच्या उंच इमारती पूर्वेकडून सरकत असल्या, तरी वसईचा हिरवा पट्टा म्हणतात तो इथे अजून शिल्लक आहे. अन्न शेतातून निघाल्यावर ताटात पडेपर्यंत किती ऊर्जा खातं, हे समजून घ्यायला ही जागा चांगली आहे. कारण इथे त्या ऊर्जेचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आला, आणि म्हणून कुणी मोजला नाही.

तो मोजून पाहू. सोललेल्या केळ्यात साधारण तीनचतुर्थांश पाणी असतं. एक किलो सुकेळी हवी तर तीन किलो गर लागेल आणि त्यातलं दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जाईल. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच. म्हणजे किलोमागे सव्वा ते दीड युनिट झालं. यंत्राने वाळवायचं तर गरम हवेबरोबर बरीच उष्णता वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट धरावी. आकडा लहान वाटतो. पण घरातला साधा फ्रिज दिवसाला जेमतेम अर्धा युनिट घेतो, हे लक्षात घेतलं की एका किलोमागचं हे ऊन किती आहे ते कळतं.

मिठाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. एक किलो मीठ मिळवायचं तर सत्तावीस-अठ्ठावीस लिटर पाणी उडवावं लागतं, म्हणजे किमान १९ युनिट उष्णता हवी. हे काम कुणी हौसेने घरच्या शेगडीवर करायचं ठरवलं, तर शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरून १४.२ किलोच्या एका सिलिंडरात जेमतेम सहा किलो मीठ हाती येईल. वसई आणि भाईंदरच्या खाडीकाठच्या मिठागरांमध्ये हेच काम ऊन आणि वारा करतात. माणूस भरतीचं पाणी आत घेतो, एका कोंडीतून दुसरीत फिरवतो आणि तयार मीठ ओढून ढीग लावतो. स्वयंपाकघरातली सर्वांत स्वस्त वस्तू ही ऊर्जेच्या हिशेबात सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक आहे. तिचं बिल सूर्य भरतो म्हणून ती स्वस्त.

सरकारी आकडेवारीत हे ऊन कुठेच येत नाही. तिथे मीटरमधून, पंपातून किंवा सिलिंडरातून गेलेलं तेवढंच येतं. आणि जे येतं तेही विखुरलेलं. भारतातल्या विजेपैकी १७-१८ टक्के वीज शेतीला जाते आणि ती डोळ्यांत भरते, कारण तिच्यासाठी वेगळा रकाना आहे. कृषिपंपांची थकबाकी, रात्रीची वीज, सौर कृषी वाहिनी योजना यांवर महाराष्ट्रात वर्षभर वाद चालतो. पण त्याच शेतातला माल पुढे टेम्पोत चढला की त्याचं डिझेल ‘वाहतूक’ या रकान्यात जातं. गिरणीत दळला, कारखान्यात शिजला की तो ‘उद्योग’ होतो. घरात भात म्हणून शिजला की तो ‘घरगुती वापर’. अन्नाचा असा एकत्रित रकानाच नसल्यामुळे शेताबाहेर नेमकं किती खर्च होतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

जगाचा असा एकत्रित हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडला. जगात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा अन्नव्यवस्थेत जाते आणि तिच्यातली ७० टक्क्यांहून जास्त शेताचा बांध ओलांडल्यावर खर्च होते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेपुरता अभ्यास मिशिगन विद्यापीठाच्या मार्टिन हेलर आणि ग्रेगरी कोलियन यांनी २००० मध्ये केला होता. तिथल्या अन्नव्यवस्थेच्या ऊर्जेपैकी शेतीचा वाटा निघाला २१ टक्के, वाहतुकीचा १४ टक्के, आणि घरातल्या फ्रिज व स्वयंपाकाचा ३२ टक्के. ट्रॅक्टर, विहिरीचे पंप आणि खतं मिळून जेवढी ऊर्जा घेतात, त्याच्या दीडपट एकटं स्वयंपाकघर घेतं. श्रीमंत देशांत प्रक्रिया आणि वाहतूक यांचा वाटा मोठा असतो, गरीब देशांत चुलीचा. भारतात दोन्ही प्रकारची घरं एकाच रस्त्यावर सापडतात.

अन्न टिकवण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत: त्यातलं पाणी काढून घ्यायचं, नाहीतर त्यातली उष्णता. वसईच्या किनाऱ्यावर हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि तिथेच बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडून होडीत भरल्या जातात. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणी. एक किलो बोंबील वाळवायला सूर्य अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त उष्णता देतो. तोच बोंबील बर्फात ठेवायला एक किलो बर्फ लागला असं धरलं, तर तो बर्फ तयार करायला कारखान्याला सुमारे ०.०५ युनिट वीज पुरते. दहावा हिस्सा! मग बर्फच बरा, असं वाटेल. पण बर्फ वितळतो. तो उद्या परत लागतो, परवा परत लागतो, ट्रकमध्ये लागतो, बाजारात लागतो, शेवटी गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्येही थंडावा लागतोच. सुका बोंबील डब्यात घालून ठेवला की पावसाळाभर त्याच्यावर एक पैशाचा खर्च नाही. वाळवण हा एकदाच भरायचा हप्ता आहे, थंडावा हे रोजचं भाडं.

अर्थात ताज्या मासळीची चव सुक्या बोंबलाला येत नाही आणि बाजारभावही येत नाही, त्यामुळे बर्फाचा विजय होणारच होता. शिवाय सूर्य कराराने बांधलेला नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर अवकाळी पाऊस कोसळला. अशा एका पावसात वलांडीवरचा अर्धवट वाळलेला माल कुजतो आणि आठवड्याचे श्रम वाया जातात. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या तौक्ते वादळाने वसईतल्या केळीच्या बागा आडव्या केल्या आणि वीजही घालवली. एका वर्षात ऊनही दगा देतं आणि वायरही.

वाहतुकीबद्दल सुशिक्षित वाचकाच्या मनात एक गाठ पक्की असते: लांबून आलेलं अन्न म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी. इथे थोडं थांबून आकडे पाहायला हवेत.

वसईचा भाजीपाला मुंबईला नेण्याची जुनी वाट रेल्वेची. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली आणि १९३६ पासून विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. केळी, पानं, फुलं, वांगी, पालेभाजी यांच्या टोपल्या आणि दुधाच्या बरण्या मालडब्यात चढत राहिल्या. वसई रोड ते दादर हे अंतर चाळीसेक किलोमीटर. गाडी धावणारच असते, त्यात टोपलीभर मेथीने विजेच्या वापरात काय फरक पडणार! लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण इतकं कमी असतं, की टनामागे दर किलोमीटरचा खर्च रस्त्याच्या तुलनेत कित्येक पटींनी खाली येतो. याच जोरावर ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली.

आता टेम्पो घेऊ. दीड टन भाजी भरून तो भुईगावहून दादरला निघाला, अंतर साठ किलोमीटर, लिटरमागे दहा किलोमीटर, आणि परत येताना रिकामा, असं धरू. बारा लिटर डिझेल जळलं. किलोमागे आठ मिलिलिटर. दादरचं गिऱ्हाईक मात्र स्कूटरला किक मारून दोन किलोमीटरवरच्या मंडईत जातं, एक किलो भाजी घेतं आणि परत येतं. चार किलोमीटरला नव्वद मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल. गावापासून शहरापर्यंतच्या सगळ्या प्रवासाच्या अकरापट इंधन शेवटच्या दोन किलोमीटरांनी खाल्लं. गाडी किती दूर गेली यापेक्षा ती किती भरलेली होती, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. दारावर हातगाडी घेऊन येणारा भाजीवाला किंवा स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेली वसईची बाई हे ऊर्जेच्या दृष्टीने फार कार्यक्षम लोक आहेत. त्यांना फुटपाथवरून हुसकावताना हा मुद्दा कुणाच्या डोक्यात नसतो. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांच्या २००८ च्या अभ्यासातही अन्नापोटी होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्केच निघाला, आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या टप्प्याचा अवघा ४ टक्के.

दुधाची कथा वेगळ्या कारणाने मजेशीर आहे. मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यायला १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली आणि पाश्चरीकरण केलेलं दूध घरोघरी जाऊ लागलं. डेअरीत दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवतात आणि लगेच थंड करतात. बाहेर पडणाऱ्या गरम दुधाची उष्णता पातळ पत्र्यांच्या पलीकडून आत येणाऱ्या थंड दुधाला देतात. सुमारे नव्वद टक्के उष्णता अशी परत मिळते. लिटरभर दूध तापवायला एका युनिटाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. मग ती पिशवी घरी येते. मराठी घरात पिशवी फोडल्यावर दुधाचं पहिल्यांदा काय होतं? तापवलं जातं. फ्रिजच्या तापमानापासून उकळीपर्यंत, गॅसवर, आणि जरा लक्ष चुकलं तर ओट्यापर्यंत. यात डेअरीच्या वीसपट उष्णता जाते. मग ते निवून पुन्हा फ्रिजमध्ये. साय धरण्यासाठी, विरजणासाठी, सवयीने, विश्वास नाही म्हणून, कारणं काहीही असोत. डेअरीच्या अभियंत्याने कष्टाने वाचवलेली ऊर्जा रोज सकाळी ओट्यावर खर्च होते. (साय हवी असेल तर तो खर्च रास्त आहे, हे मान्यच करायला हवं.)

शेवटी स्वयंपाकघर. एक किलो तांदूळ दोन लिटर पाण्यात शिजवायचा, तर सगळं उकळीला आणायला ०.२ युनिट उष्णता पुरते. शेगडीतली गळती धरली तर ०.३ युनिट, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आसपास गॅस. पण पातेलं उघडं ठेवून, मोठ्या आचेवर खदखदू दिलं आणि अर्धा लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर त्या वाफेपायीच जवळपास अर्धा युनिट आणखी जळतं. भात शिजवण्याहून हवा ओली करायला जास्त गॅस लागला! मिठागरात जे काम सूर्य करतो, तेच काम इथे निष्कारण सिलिंडर करतो. पाणी उकळायला लागल्यावर आच कितीही वाढवली तरी तापमान शंभराच्या वर जात नाही, फक्त वाफ वाढते. झाकण आणि प्रेशर कुकर ही वाफ अडवतात, आणि कुकरमध्ये दाबामुळे उकळबिंदू वीसेक अंशांनी वर जाऊन वेळही वाचतो. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा शेलने घरगुती गॅस विकायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये हॉकिन्स कंपनी सुरू झाली. मध्यमवर्गीय ओट्यावर या दोन वस्तू थोड्याच अंतराने आल्या आणि जोडीने राहिल्या.

लाकडाच्या चुलीत इंधनातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. म्हणून गरीब देशांच्या हिशेबात स्वयंपाकाचा वाटा एवढा फुगलेला दिसतो: माणसं जास्त शिजवतात असं नाही, चूल जास्त वाया घालवते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर जिथे सिलिंडर खरोखर वापरात आला, तिथे एकूण ऊर्जा घटली, बाईच्या डोळ्यांतला धूर गेला, आणि त्याच वेळी परदेशातून आणाव्या लागणाऱ्या इंधनावरचं अवलंबनही वाढलं. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने दुसरी वाट काढली. उसाच्या वाळक्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या, आणि त्यांवर चालणारा वाफेचा ‘सराई कुकर’. शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजीचा स्वयंपाक होतो, तोही शेजारी उभं न राहता. पाचटाच्या या कोळशासाठी संस्थेला २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिलं जाणारं पाचट असं स्वयंपाकघरात येऊ शकतं, ही कल्पना अजून तिच्या योग्यतेइतकी पसरलेली नाही.

पाणी उडवायचा खर्च स्वतःच भागवणारा एक मोठा धंदा महाराष्ट्रात आहे: साखर. उसाच्या रसात बहुतेक पाणीच असतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यापासून आजच्या कारखान्यांपर्यंत रस आटवायला जळतं ते उसाचंच चिपाड, म्हणजे बगॅस. रसाची वाफ पुढच्या भांड्याला तापवते, त्याची वाफ त्याच्या पुढच्याला. अशी चार-पाच भांडी ओळीने लावली की एकाच उष्णतेकडून चार-पाचदा काम करून घेता येतं. अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी ही युक्ती १८४० च्या दशकात काढली. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात मात्र एकच उघडी काहील असते आणि सगळी वाफ आढ्याला जाते. त्यामुळे कारखान्याकडे बगॅस शिल्लक उरून त्याची वीज विकता येते आणि गुऱ्हाळात चिपाडं सगळी चुलाणातच संपतात.

विजेशिवाय साठवणही होऊ शकते, हे नाशिकची कांदाचाळ दाखवते. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी, वर उतरतं छप्पर, आणि वारा आरपार. उन्हाळी कांदा चार-पाच महिने राहतो. सडतो, कोंब येतात, वजन घटतं, हेही खरं. आणि कांदा सडला की त्याच्यासाठी उपसलेलं पाणी, दिलेलं खत, जाळलेलं डिझेल सगळंच त्याच्याबरोबर सडतं. जगात अन्नापोटी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ३८ टक्के ऊर्जा अशा वाया गेलेल्या अन्नात अडकलेली असते, असा अन्न व कृषी संघटनेचा त्याच अहवालातला अंदाज. त्यामुळे शीतगृह नको आणि चाळच हवी, असा सरसकट निवाडा करता येत नाही. द्राक्षाला थंडावा हवाच. कांद्याला हवेशीर चाळ बहुधा पुरते.

वसईत मात्र उन्हाचं गणित वेगळ्याच ठिकाणी अडलं आहे. ऊन फुकट असतं, पण ते पसरायला जागा लागते, दिवस लागतात आणि सतत लक्ष ठेवणारी माणसं लागतात. मिठागर म्हणजे एकरच्या एकर जमीन. सुकेळ्यांचा मांडव म्हणजे वाडीतला मोकळा तुकडा आणि आठवडाभर राबणारं घर. जिथे चौरस फुटाला भाव आहे, तिथे या दोन्ही गोष्टी महाग पडतात. २०२४ मध्ये मुंबईतली अडीचशे एकरांहून जास्त मिठागर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. वीज आणि गॅस विकत घेणारा खरं तर जागा आणि वेळ विकत घेत असतो. खोलीएवढ्या ड्रायरमध्ये एका रात्रीत होणारं काम मांडवाला आठवडा लागतो.

दोहोंच्या मधली एक वाट छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या गावांत चालू आहे. मुंबईतल्या तरुण अभियंत्यांनी सुरू केलेल्या ‘एस४एस टेक्नॉलॉजीज’ने शेतकरी महिलांना सौर वाळवणी यंत्रं दिली. कांदा, आलं, भाजी शेताजवळच वाळते आणि खाद्य कंपन्यांना विकली जाते. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार या कामाला मिळाला. बंद पेटीत वाळवल्यामुळे धूळ, माश्या आणि अचानक येणारी सर यांचा धोका टळतो, आणि उघड्या मांडवापेक्षा जागाही कमी लागते. राजेळीला हे यंत्र मानवतं का, आणि अशा सुकेळ्याला निर्मळच्या यात्रेतलं जाणतं गिऱ्हाईक हात लावील का, हे ठरायला वसईच्या वाडीतल्या कुणीतरी एका मोसमात दोन्ही प्रकारची सुकेळी शेजारी शेजारी मांडून विकायला हवीत.